चार फुटी फिशटँक आठ फूट हलवताना

हॉलच्या पश्चिमेकडच्या खिडकीखालून समोरच्या भिंतीपाशी, अंतर जेमतेम आठ फूट. आमचा सहा वर्षांचा जुना टँक एवढाच हलवायचा होता. त्यासाठी अख्खा रविवार, चार धट्टीकट्टी माणसं, घरातल्या सगळ्या बादल्या आणि शेजारच्या काकूंकडचे दोन टब लागले. मासे मात्र सगळे वाचले, म्हणून हे लिहिते आहे.

याआधी एकदा अडीच फुटी टँक हलवताना मी तोंडघशी पडले होते. "एक तृतीयांश पाणी राहू दे, मासे आतच राहतील, हळूच सरकवू," हा शहाणपणा माझाच. टँक सरकला, कोणाला काही झालं नाही, आम्ही चहा घेतला. तिसऱ्या रात्री दोन वाजता टपटप ऐकू आली. खालच्या कोपऱ्यातला सिलिकॉनचा सांधा सुटला होता आणि सतरंजी भिजून चिंब झाली होती. सरकवताना स्टँड जरासा पिळवटला, तळाच्या काचेवर ताण आला आणि सांध्याने तो लगेच न दाखवता तीन दिवसांनी दाखवला. टँक फुटतो तेव्हा तो हलवतानाच फुटेल असं नाही, हे तेव्हा कळलं.

त्यामुळे तीन फुटांहून मोठा टँक असेल तर माझं मत पक्कं आहे: पूर्ण रिकामा करूनच हलवायचा. पाण्यासकट सरकवून दाखवणारे लोक भेटतील. आमच्याकडे सामान हलवायला आलेला एक जण म्हणालाच, "भाभीजी, पानी समेत उठा लेंगे, टेंसन मत लो." त्याला पोहे-जिलबी खिलवली आणि सोफा उचलायला सांगितला.

१. आधी वजन कागदावर मांडा

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच म्हणजे ९ घनफूट, काठोकाठ भरला तर सुमारे २५५ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडून माझ्या टँकमध्ये साधारण २१० लिटर पाणी असतं, म्हणजे २१० किलो. १० मि.मी. जाडीची काच दर चौरस मीटरला २५ किलो भरते. पाचही काचा मिळून जवळजवळ ५० किलो. वाळू ४० किलो, दगड आणि लाकूड १०, लोखंडी अँगलचा स्टँड ४०. बेरीज साडेतीनशेच्या घरात.

आता "थोडंच पाणी ठेवू" वाल्यांचा हिशोब करा. एक तृतीयांश पाणी ठेवलं तरी काच, वाळू आणि दगड धरून १७० किलो होतात. त्यातलं पाणी एका जागी बसत नाही. एकाचा पाय अडखळला की सगळं त्याच्याकडे धावतं, आणि ज्याच्याकडे धावतं त्याच्या हातातून सुटतं. रिकामा टँक मात्र ५० किलो, चार जणांत वाटून माणशी साडेबारा. पाणी काढून पुन्हा भरायला दोन तास जास्त गेले तर जाऊ देत.

२. नवी जागा

आम्ही टँक हलवला तो उन्हामुळे. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी तीन ते सहा थेट ऊन पडायचं. काचा आठवड्यात हिरव्या व्हायच्या आणि मेमध्ये पाणी ३४ अंशांपर्यंत जायचं. तेव्हा नव्या जागी थेट ऊन येत नाही ना, हे सकाळ, दुपार, संध्याकाळ असं तीनदा पाहा.

सासूबाईंचा आग्रह ईशान्येचा होता. ईशान्येला आमच्याकडे स्वयंपाकघराचं दार येतं. फोडणीचा धूर पाण्यावर तेलकट साय धरतो आणि त्यामुळे पाण्यात हवा नीट मिसळत नाही. हे सांगितल्यावर त्यांनीच जागा बदलली. डासांचं लिक्विड लावायचा सॉकेटही टँकपासून लांब हवा. त्यातली औषधं माशांना फार विषारी असतात, आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. हा मुद्दा दुकानात कोणी सांगत नाही.

भिंतीला ओल नको, ताजा रंग नको, वर एसी नको. मागे चार-पाच इंच जागा सोडा, नाहीतर फिल्टरचा पाइप बसवायला नंतर हात जात नाही आणि पुन्हा हे सगळं प्रकरण. स्टँडचे चार पाय कुठे येणार ते खडूने फरशीवर आखून ठेवा.

३. जमीन आणि पाणसळ

इथे घाई करू नका. माळव्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. इंदूरमध्ये तळमजल्यावरच्या जुन्या घरांत फरशी कुठे ना कुठे बसलेली असतेच. डोळ्यांना ती सपाट दिसते. आमच्या हॉलमध्ये आठ फुटांत तब्बल १४ मि.मी. उतार निघाला, आणि त्या घरात मी बावीस वर्षं वावरते आहे!

पाणसळ नसेल तर गवंड्याची युक्ती वापरा. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी पाण्याने भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. तिची दोन्ही टोकं स्टँडच्या दोन कोपऱ्यांशी धरली की पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे तुमचा उतार. चारही कोपरे तपासा, आणि दोन्ही तिरके कर्णसुद्धा. तीन कोपरे जुळले आणि एकच वर-खाली निघाला तर स्टँड पिळवटलेला आहे आणि तो थेट काचेला पिळणार. चार फुटांत दोन-तीन मि.मी. फरक चालतो, त्याहून जास्त नाही.

उतार काढायची पाचर स्टँडच्या पायाखाली घालायची. टँकच्या काचेखाली कधीही नाही. काचेखाली एका कोपऱ्यात पुठ्ठ्याची घडी सरकवणं म्हणजे सगळं वजन त्या एका घडीवर टांगणं. पाचरही लाकडाची नको, ती पाण्याने फुगते. आम्ही ग्रॅनाइटच्या दुकानातून पातळ कापांचे तुकडे आणले, फुकट मिळाले.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर अजून एक हिशोब. राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठी भारतीय मानक ८७५ मध्ये दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो भार धरलेला असतो. तो खोलीभर पसरलेला भार आहे. आपला टँक अर्ध्या चौरस मीटरवर साडेतीनशे किलो उभे करतो. बीमजवळ, भिंतीला लागून ठेवलेला चार फुटी टँक बहुतेक पक्क्या घरांत निभावतो. खोलीच्या मधोमध नको. पाच-सहा फुटी असेल तर इंजिनिअरला दाखवूनच ठेवा. राजवाड्याच्या मागच्या जुन्या वाड्यांत लाकडी तुळयांवरची जमीन असते. तिथे राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला मी सरळ नको म्हटलं.

४. दिवस कोणता

नळाचा दिवस. इंदूरच्या बहुतेक वस्त्यांत नर्मदेचं पाणी एकाआड एक दिवस येतं. ज्या दिवशी नळ असेल त्याच्या आदल्या दिवशी टँक रिकामा करून बसलात आणि ऐनवेळी सप्लाय बुडला तर मग टँकरचं किंवा बोअरचं पाणी घालायची वेळ येते. तेवढ्यावरून मासे जाऊ शकतात. सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून पंपाने चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी आणि माळव्यातलं बोअरचं जड पाणी यांत फरक खूप. इंदूरला नर्मदेचं पाणी मिळावं म्हणून झालेल्या १९७० च्या 'नर्मदा लाओ' आंदोलनात सासरे होते. बादलीभर पाणी वाया गेलं तरी ते अजून हळहळतात, म्हणून जुनं पाणी आम्ही जास्वंदीला आणि तुळशीला घातलं. झाडांना ते खतासारखं लागतं.

आधीच्या दोन दिवसांत नळाचं पाणी ड्रममध्ये भरून, एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडून उघडं ठेवा. त्यातलं क्लोरीन उडून जातं. तरीही अँटिक्लोरीन, म्हणजे क्लोरीन मारणारं औषध, जवळ असू द्या.

महिना फेब्रुवारी किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा घ्या. जानेवारीत बादलीतलं पाणी तासाभरात गारठतं. मेमध्ये ते तापतं, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी.

आदल्या दिवशी माशांना खायला घालू नका. निरोगी मोठा मासा एक दिवस उपाशी राहिला तर काही होत नाही. भरल्या पोटी बादलीत ठेवला तर मात्र तिथेच घाण करतो.

५. काय काय लागतं

कागदपत्रं काही नाहीत. भाड्याचं घर असेल तर मालकाला आधी सांगा, एवढंच. बाकी सामान:

- झाकणासकट मोठे टब किंवा ड्रम, निदान १२० लिटर मावतील इतके. साबण, फिनाइल कधीही न लागलेले.
- सात-आठ बादल्या, पाऊण इंची नळी पाच मीटर
- एअर पंप, आणि एक बॅटरीवर चालणारा. लाइट जाणार, त्याच दिवशी जाणार.
- जाळी, आणि जाळीपेक्षा कामाचा एक प्लॅस्टिकचा मोठा डबा
- थर्मामीटर, अँटिक्लोरीन, अमोनिया आणि नायट्राइटचं टेस्ट किट
- १८ मि.मी. प्लायवूडचा तुकडा, टँकच्या तळाहून मोठा
- टँकला खाली प्लॅस्टिकची फ्रेम नसेल तर नवीन थर्माकोलची शीट. जुनी दबलेली असते, पुन्हा वापरू नका. फ्रेम असेल तर शीट घालायची नाही.
- रबरी पकडीचे हातमोजे, जुने टॉवेल, वर्तमानपत्रं
- बूट. चपला घालून टँक कोणी उचलायचा नाही.

काच उचलायचे सक्शन कप मिळतात. ओल्या, शेवाळ लागलेल्या काचेवर ते सुटतात. मी वापरले नाहीत.

आणि मोबाइलवर फोटो काढा. कोणता पाइप कुठे जातो, वायर कुठून येते, दगडांची मांडणी कशी आहे. आमच्या घरी संध्याकाळी सहा वाजता "हा निळा नट कुठला?" यावर जे संभाषण झालं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

६. आधी पाणी, मग दगड, मग मासे

क्रम चुकला की दिवस चुकला. नवखा माणूस पहिल्यांदा जाळी घेऊन माशांमागे धावतो. मासे दगडाआड शिरतात, वाळू ढवळली जाते, पाणी गढूळ होतं आणि तेच गढूळ पाणी मग साठवावं लागतं.

हीटर बंद करा आणि अर्धा तास पाण्यातच थंड होऊ द्या. गरम हीटर पाण्याबाहेर आला की त्याची काच तडकते. मग काहीही न ढवळता वरचं स्वच्छ पाणी नळीने टबांमध्ये काढा, एकूण पाण्याच्या निम्मं तरी. मासे ठेवायचा टब यातल्याच पाण्याने भरा.

पाणी अर्ध्यावर आलं की दगड आणि लाकूड उचला. लाकडात मासा लपलेला नाही ना, हे पाहून. आमचा फूटभर लांब सकर (तळाशी राहून शेवाळ खाणारा मासा) लाकडाच्या पोकळीत जाऊन बसला होता, दिराने लाकूड बाहेर काढलं तेव्हा शेपूट दिसली.

आता चार-पाच इंच पाणी राहीपर्यंत उपसा आणि मग मासे पकडा. लपायला जागा नसते, पाच मिनिटांत काम होतं. सकरला जाळीत धरू नका, त्याचे काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना पंख फाटतात. डब्याने पाण्यासकट उचला. भांडखोर मासे वेगळ्या बादलीत ठेवा. प्रत्येक बादलीवर झाकण हवं, कारण घाबरलेला मासा उडी मारतोच. एअर स्टोन सोडा, वर टॉवेल टाकून अंधार करा आणि मुलांना तिथून हाकला.

७. फिल्टर म्हणजेच टँक

मासे सगळ्यांना दिसतात म्हणून सगळे त्यांची काळजी करतात. जुन्या टँकमध्ये खरं जपायचं असतं ते फिल्टरमधल्या स्पंजावर आणि सिरॅमिकच्या तुकड्यांवर. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया निघतो. नायट्रोसोमोनास नावाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. ही वस्ती जमायला महिना-दीड महिना लागतो. थोडे जिवाणू वाळूत आणि काचेवर असतात, मुख्य वस्ती फिल्टरमध्ये. पाण्यात त्या मानाने फारच कमी. म्हणून "सगळं जुनं पाणी साठवलं म्हणजे झालं" हा गैरसमज. जुनं पाणी ठेवायचं ते माशांना एकदम बदल जाणवू नये म्हणून.

या जिवाणूंना प्राणवायू लागतो. कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर, बंद करून तसाच झाकणबंद ठेवलात तर आतला प्राणवायू संपतो, काही तासांत आत सडायला सुरुवात होते. संध्याकाळी तो पुन्हा सुरू केला की सगळं सडकं पाणी टँकमध्ये.

सगळ्यात चांगलं म्हणजे फिल्टर माशांच्या टबावरच चालू ठेवा. आम्ही तेच केलं. पाइप आखूड पडले तर फिल्टर उघडा, आतलं सगळं टँकच्या पाण्यात बुडवून ठेवा आणि त्यात एअर स्टोन सोडा. सुकू द्यायचं नाही. "आता उघडलाच आहे तर धुऊन टाकू" हा मोह आवरा, निदान नळाखाली तरी धरू नका. क्लोरीन नळात असतं ते जिवाणू मारायलाच. टँक हलवायच्या आठवड्यात फिल्टर साफ करायचा नाही.

८. वाळू

वाळू काढायचीच. ती आत ठेवून टँक उचललात तर ४० किलो तळाच्या काचेवर लोंबकळतात. पत्र्याच्या नव्हे, प्लॅस्टिकच्या सुपलीने भरा, काचेवर ओरखडे नकोत.

जुन्या वाळूखाली वर्षानुवर्षांची घाण असते. खोल थरातून सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड वायू, माशांना घातक. अशा वेळी वाळू बादलीत टँकच्या उरलेल्या पाण्याने चार-पाच वेळा खळबळून घ्या. तरी वास गेला नाही तर सरळ नळाखाली धुवा, शेवटी अँटिक्लोरीनच्या पाण्यातून काढा. तिच्यातले जिवाणू गेले तर जाऊ देत, फिल्टर सांभाळलाय ना. न धुता परत घातलेली वाळू दोन दिवसांत अमोनिया चढवते. रोपांसाठी अ‍ॅक्वासॉइल नावाची दाणेदार माती घातली असेल तर ती मात्र धुवायची नाही, तिचा चिखल होतो.

९. उचला

वाट मोकळी. गालिचा गुंडाळा, टीपॉय बाहेर, पंखा बंद, फरशी कोरडी. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आमच्याकडे हे काम मी घेतलं, कारण यजमान आणि दीर एकाच वेळी वेगवेगळ्या दिशा सांगतात.

हात तळाच्या काचेखाली. वरच्या काठाला किंवा आडव्या पट्ट्यांना धरून टँक उचलायचा नाही. त्या पट्ट्या काचा बाहेर फुगू नयेत म्हणून असतात, ५० किलो तोलायला नाही. स्टँडवरून उचलून आधी प्लायवूडवर ठेवा, एका कोपऱ्यावर टेकवू नका. मग स्टँड हलवा, खडूच्या खुणांवर बसवा, पाणसळ पुन्हा बघा. शीट घाला, तिच्यावर एकसुद्धा वाळूचा खडा नाही ना हे तळहात फिरवून पाहा. त्यावर टँक.

टँक रिकामा आहेच तर सांध्यांवरून नखाने नव्हे, बोटाने हात फिरवा. कुठे सिलिकॉन सुटलेलं दिसलं तर आजच पाणी भरू नका. नवं सिलिकॉन जुन्यावर चिकटत नाही, सांधा खरवडूनच करावा लागतो आणि नंतर काही दिवस सुकू द्यावा लागतो.

१०. भरा, पण तीन टप्प्यांत

वाळू, दगड, मग वाळूवर एक ताट पालथं घालून त्यावर जुनं पाणी ओता, म्हणजे गढूळ होत नाही. एक तृतीयांश भरलं की थांबा. आता वजन आल्यावर पाणसळ तपासा, कारण स्टँड थोडा बसतो. पाण्याची रेघ काचेच्या काठापासून दोन्ही टोकांना पट्टीने मोजा. फरक निघाला तर पाणी काढून पाचर दुरुस्त करा. भरलेल्या टँकच्या स्टँडखाली पहारीने पाचर ठोकणारे मी पाहिले आहेत. त्यांच्यात जाऊ नका.

तळाच्या काचेला लागून चारही बाजूंनी कोरड्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवा. थेंबभर गळालं तरी कागद काळपट पडतो. अर्धा-पाऊण तास पाहा, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. नव्या पाण्याचं तापमान जुन्याशी जुळवा, एक-दोन अंशांपलीकडे फरक नको.

फिल्टर चालू करा, हीटर पूर्ण बुडाल्यावरच. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळासारखी लोंबती ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खाली टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. तासाभराने मासे सोडा आणि त्या रात्री टँकचा दिवा लावू नका.

११. पुढचे दहा दिवस

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अगदी चिमूटभर खाद्य, आठवडाभर नेहमीच्या निम्मं. रोज अमोनिया आणि नायट्राइट तपासा. अमोनिया ०.२५ पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) वर गेला की चौथा हिस्सा पाणी बदला. बोअरचं पाणी वापरत असाल तर जास्तच लक्ष द्या, कारण पीएच चढा, म्हणजे पाणी अल्कधर्मी, असेल तर तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर किट शोधत बसू नका, आधी पाणी बदला आणि हवा वाढवा.

आमच्याकडे चौथ्या दिवशी अमोनिया ०.२५ वर आला, पाणी बदललं, सातव्या दिवशी शून्य. वर्तमानपत्राच्या पट्ट्या मी तीन आठवडे ठेवल्या होत्या. सकर पाच दिवस नव्या भिंतीकडे तोंड करून रुसला होता, सहाव्या दिवशी काकडीच्या चकतीवर आला.